निवडणूक डिबेटला कोणाला बोलवायचं? निकष, मुदती आणि रिकामी खुर्ची

निवडणुकीच्या डिबेटमध्ये सगळ्यात मोठं भांडण खुर्च्यांवरून होतं. कोण बसणार, कोण बाहेर राहणार आणि ते ठरवणारे तुम्ही कोण? ब्रिटनमध्ये २०१५ च्या निवडणुकीआधी वाहिन्यांनी पहिला प्रस्ताव मांडला, त्यात चार नेते होते: पंतप्रधान कॅमेरून, विरोधी पक्षनेते मिलिबँड, उपपंतप्रधान क्लेग आणि यूकिप पक्षाचे फराज. ग्रीन पक्ष चिडला. कॅमेरून यांनीही ‘ग्रीन नसतील तर मीही नाही’ असं सांगून टाकलं. (त्यांना डिबेट टाळायचीच आहे, असं विरोधक म्हणत होते.) मग आकडा एकदम सातवर गेला, ग्रीनबरोबर स्कॉटलंडची एसएनपी आणि वेल्सचा प्लाइड कमरी हे पक्षही आले. आता उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाने विचारलं, ‘संसदेत आमचे ८ खासदार, एसएनपीचे ६, प्लाइडचे ३. मग आम्ही बाहेर का?’ उत्तर आयर्लंडचं पक्षीय राजकारण वेगळं आहे आणि तिथल्या पक्षांची चर्चा वेगळी ठेवता येते, हे उत्तर चांगलं होतं. पण ते नावं जाहीर झाल्यावर आलं, त्यामुळे सबबीसारखं वाटलं.

म्हणून पहिली गोष्ट: नावं सुचण्याआधी नियम लिहून काढा, त्यावर तारीख टाका आणि तो प्रसिद्ध करा. पुढची पद्धत महाराष्ट्र-गोव्यातल्या वृत्तवाहिन्या, पत्रकार संघ, कॉलेजं आणि नागरिक मंच यांच्यासाठी आहे. आपल्याकडे नेत्यांच्या समोरासमोर डिबेटची प्रथा नाही. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी होकार कळवला, भाजपच्या युवा मोर्चाने आपल्या उपाध्यक्षाचं नाव पुढे केलं आणि गोष्ट तिथेच थांबली. प्रथा नसल्याचा एक फायदा मात्र आहे. मोडायला जुना पायंडा नाही, नियम कोऱ्या कागदावर लिहिता येतात.

डिबेट कशासाठी, हे एका वाक्यात लिहा

‘राज्याचं सरकार कोण चालवणार’ आणि ‘मतदारापुढे कोणकोणते पर्याय आहेत’ हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत. पहिल्यात दोन, फार तर तीन खुर्च्या असतात. दुसऱ्यात सहा ते नऊ. एकाच रात्री दोन्ही साधायला गेलात तर मोठे नेते ‘या गर्दीत आम्ही कशाला’ म्हणतात आणि छोट्यांना तोंड उघडायला वेळ मिळत नाही. ब्रिटनमध्ये २०२४ ला दोन्ही प्रकार वेगवेगळे ठेवले गेले: ४ जूनला पंतप्रधान सुनक आणि विरोधी पक्षनेते स्टार्मर दोघेच, ७ आणि १३ जूनला सात पक्ष. आमचा कौलही याच दोन पायऱ्यांना आहे. वगळलेल्या पक्षाला ‘तुमच्यासाठी जागाच नाही’ असं सांगावं लागत नाही आणि निम्म्या तक्रारी इथेच विरतात.

मोजमापं, आणि प्रत्येकाची खोट

जागा मोजायच्या की मतं? विधानसभेच्या २०२४ च्या निकालाकडे बघा. राष्ट्रवादी काँग्रेसला ९.०१ टक्के मतं आणि ४१ जागा. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाला ११.२८ टक्के मतं आणि १० जागा. जागांचा निकष लावलात तर पहिला पक्ष चौपट मोठा, मतांचा लावलात तर दुसरा मोठा. गोव्यात २०२२ ला रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि आमदार एकच आला. आम आदमी पक्षाला पावणेसात टक्क्यांवर दोन आमदार मिळाले. ‘किमान दोन आमदार’ हा नियम वरवर निरुपद्रवी दिसतो, पण तो जास्त मतांच्या पक्षाला बाहेर ठेवून कमी मतांच्या पक्षाला आत घेतो. म्हणून जागा आणि मतं यांच्यामध्ये ‘किंवा’ ठेवा. ‘आणि’ ठेवू नका.

त्यातही आमदार कुठल्या दिवशी मोजायचे? गोव्यात काँग्रेसचे ११ निवडून आले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातले ८ भाजपमध्ये गेले, उरले ३. महाराष्ट्रात २०१९ ला एकच शिवसेना आणि एकच राष्ट्रवादी निवडून आली होती. नाव आणि चिन्हाचा निर्णय शिवसेनेबाबत फेब्रुवारी २०२३ ला झाला, राष्ट्रवादीबाबत फेब्रुवारी २०२४ ला. ‘मागच्या निवडणुकीत या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले’ एवढंच लिहिलंत तर २०२४ मध्ये शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) शून्यावर येते. ‘आज सभागृहात असलेले’ एवढंच लिहिलंत तर पक्षांतराला बक्षीस मिळतं. तोडगा असा: निवडून आलेले किंवा निवडणूक जाहीर झाली त्या दिवशी सभागृहात असलेले, यातला मोठा आकडा धरा. मतांसाठीही विधानसभा किंवा लोकसभा, यातली त्या राज्यातली जास्त टक्केवारी धरा. फुटलेल्या पक्षांची ताजी ताकद लोकसभेत दिसते.

किती जागा लढवल्या, हा निकष कॅनडातून उचलण्याचा मोह होतो. तिथे नेत्यांच्या डिबेट घेणाऱ्या लीडर्स डिबेट्स कमिशनने २०२५ साठी तीन अटी ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन पुऱ्या करायच्या होत्या: एक खासदार, जनमत चाचणीत ४ टक्के आणि ९० टक्के मतदारसंघांत उमेदवार. आपल्याकडे ९० टक्के म्हणजे २८८ पैकी २६० जागा. युती-आघाडीच्या राज्यात हे कोणाला जमणार? २०२४ ला भाजपने १४९ जागा लढवल्या, म्हणजे जेमतेम ५२ टक्के. काँग्रेस शंभरच्या घरात होती. ही एकच अट उचलली तर सरकार बनवणारे सगळे बाहेर राहतात आणि २३७ उमेदवार देऊन एकही जागा न मिळालेला बहुजन समाज पक्ष त्या रेषेच्या सगळ्यात जवळ पोचतो. तेव्हा मोठ्या डिबेटसाठी उमेदवार आघाडीचे मिळून मोजा आणि सर्वपक्षीय डिबेटसाठी आकडा खूप खाली आणा.

निवडणूक आयोगाची मान्यता ही सोयीची पळवाट आहे. दूरदर्शन-आकाशवाणीवरचा प्रचाराचा वेळ तिच्यावरच वाटला जातो: राष्ट्रीय पक्ष आणि त्या राज्यातले मान्यताप्राप्त पक्ष यांना विधानसभेसाठी प्रत्येकी ४५ मिनिटं पायाभूत वेळ, आणि मागच्या कामगिरीप्रमाणे त्यात वाढ. ही व्यवस्था भाषणांच्या वाटपाला ठीक आहे. पण मान्यता भूतकाळावर मिळते. २०२४ ला राष्ट्रीय पक्ष असलेला ‘आप’ महाराष्ट्रात लढलाच नाही आणि २०० जागा लढवणाऱ्या वंचित बहुजन आघाडीला मान्यता नव्हती. मान्यता ही अनेकांतली एक अट ठेवा, एकमेव दार करू नका.

उरल्या जनमत चाचण्या. हजार जणांच्या चाचणीत एखाद्या पक्षाला ४ टक्के दिसले, तर निव्वळ नमुन्यामुळे तो आकडा सव्वा टक्का इकडे-तिकडे होऊ शकतो. म्हणजे खरा पाठिंबा पावणेतीन असेल किंवा सव्वापाच. एका चाचणीवर कोणाचीही खुर्ची ठरवू नका. चाचण्या वापरायच्याच असतील तर किमान तीन वेगळ्या संस्थांच्या घ्या, नमुन्याचा आकार आणि तारखा जाहीर केलेल्याच घ्या, गेल्या ३० दिवसांतल्याच घ्या आणि सरासरी काढा. तरीही चुटपुट राहते. कॅनडात २०२१ ला पीपल्स पार्टीची सरासरी ३.२७ भरली, उंबरठा ४ चा होता, पक्ष बाहेर राहिला आणि मतमोजणीत त्याला ४.९४ टक्के मिळाले. अमेरिकेत २००० पासून १५ टक्क्यांचा उंबरठा आहे आणि अध्यक्षपदाच्या मुख्य डिबेटमध्ये तेव्हापासून तिसरा उमेदवार दिसलेला नाही. १९९२ चे अपक्ष उमेदवार रॉस पेरो तीनही डिबेट्समध्ये होते आणि त्यांनी जवळपास १९ टक्के मतं घेतली. आपल्याकडे चाचण्यांचा दर्जा आणि पारदर्शकता बघता, आमच्या मते पात्रतेच्या नियमात त्या नसलेल्याच बऱ्या.

लावून पाहता येईल असा मसुदा

महाराष्ट्र विधानसभेसाठी हा मसुदा घ्या आणि आकडे गरजेप्रमाणे बदला.

पहिली पायरी, सरकारची डिबेट: ज्या पक्षाचे किंवा जाहीर आघाडीचे मिळून किमान १४५ उमेदवार आहेत, आणि ज्यांच्याकडे सभागृहात किमान २९ आमदार किंवा राज्यात किमान १० टक्के मतं आहेत, त्यांना प्रत्येकी एक खुर्ची.

दुसरी पायरी, सर्वपक्षीय डिबेट: तीनपैकी दोन अटी पुऱ्या करणारा प्रत्येक पक्ष. (१) राष्ट्रीय पक्ष किंवा या राज्यात मान्यताप्राप्त. (२) मागच्या विधानसभेला किंवा लोकसभेला राज्यात २ टक्के मतं. (३) किमान ४८ जागांवर उमेदवार, म्हणजे एकषष्ठांश.

आता हा नियम मागच्या निवडणुकीवर चालवून बघा. ही पायरी कोणी करत नाही आणि घोळ इथेच असतो. २०२४ ला लावला तर पहिल्या पायरीत महायुती आणि महाविकास आघाडी येतात. वंचितचे उमेदवार पुरेसे आहेत, पण मतं किंवा आमदार नाहीत. दुसऱ्या पायरीत नऊ पक्ष येतात: भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस, शिवसेना (उबाठा), राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार), मनसे, वंचित आणि बसप. एमआयएमचे उमेदवार वीसहून कमी, राज्यातली मतं दोन टक्क्यांखाली, म्हणून तो बाहेर, आणि नेमका त्याचाच एक आमदार निवडून आला. ही टोचणारी जागा आहे, पण ती आज कागदावर दिसली हे उत्तम. उपाय प्रादेशिक डिबेटचा. मराठवाड्याच्या ४६ किंवा विदर्भाच्या ६२ जागांपुरता कार्यक्रम ठेवा आणि तिथे सगळे आकडे त्या विभागापुरते मोजा. नियमाच्या प्रस्तावनेत ही सोय आधीच लिहा, म्हणजे डीयूपीसारखा प्रसंग येणार नाही.

एक पथ्य: या पडताळणीत आलेली नावं आवडली नाहीत म्हणून आकडा हलवू नका. दोनऐवजी अडीच टक्के केले की कोण गळतं हे बघून अडीच केलेत, तर ती कागदपत्रं एक दिवस बाहेर येतातच.

आघाडीचा ‘नेता’ कोण

२०२४ ला महायुतीने किंवा महाविकास आघाडीने मुख्यमंत्रिपदाचा चेहरा जाहीर केला नव्हता. त्यामुळे निमंत्रण व्यक्तीच्या नावाने काढू नका, आघाडीच्या नावाने काढा. घटक पक्षांच्या प्रदेशाध्यक्षांच्या सह्यांचं एकच पत्र मागा, त्यात एकच नाव. मुदतीत एकमत झालं नाही तर काय, हेही लिहा: आघाडीत सर्वाधिक जागा लढवणाऱ्या पक्षाने नाव द्यायचं. ही ओळ नसेल तर शेवटच्या दिवशी तिघे तीन नावं पाठवतात आणि निवड तुमच्या गळ्यात पडते.

नेता स्वतः उमेदवारच हवा, अशी अट घालू नका. आपल्याकडे पक्षप्रमुख विधान परिषदेत असतो, राज्यसभेत असतो, कधी कुठेच नसतो. एसएनपीच्या निकोला स्टर्जन २०१५ ला ब्रिटिश संसदेची निवडणूक लढवत नव्हत्या, तरी पक्षाच्या नेत्या म्हणून मंचावर होत्या. मात्र प्रवक्ता चालणार नाही, स्टार प्रचारक चालणार नाही, हे स्पष्ट असू दे. पक्षाध्यक्ष, प्रदेशाध्यक्ष, विधिमंडळ पक्षनेता किंवा जाहीर केलेला मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार, एवढ्यातलंच नाव.

किती खुर्च्या मावतात

गणित सोपं आहे. ९० मिनिटांतून जाहिरातींची १२ आणि अँकरची १३ वजा केली की ६५ उरतात. दोघांना प्रत्येकी साडेबत्तीस मिनिटं, चौघांना सव्वासोळा, सहांना पावणेअकरा, नऊ जणांना सात. दहा मिनिटांखाली गेलात की वाद संपतो आणि हजेरी सुरू होते: प्रत्येकाचं पाठ केलेलं भाषण, तुकड्या-तुकड्यांत. ब्रिटनच्या सात जणांच्या दोन तासांच्या डिबेटमध्ये मुख्य प्रश्न फक्त चार झाले होते, हे लक्षात ठेवा.

नऊ असतील तर तीन रात्री घ्या, ६० मिनिटांच्या. तीन पेट्या करा: महायुतीचे तीन, आघाडीचे तीन, बाकीचे तीन. प्रत्येक पेटीतून एक चिठ्ठी, म्हणजे रोज तिघे. १६ मिनिटं जाहिराती-अँकरला सोडली तरी प्रत्येकाला साडेचौदा मिळतात. चिठ्ठ्या पक्षप्रतिनिधींसमोर कॅमेऱ्यावर काढा. कोण कुठे उभं राहणार, पहिलं आणि शेवटचं कोण बोलणार, याच्याही वेगळ्या चिठ्ठ्या. शेवटचं बोलणं हा मोठा फायदा असतो आणि पक्षांना तो तुमच्याआधी कळलेला असतो.

तारखा

२०२४ चं वेळापत्रक नमुना म्हणून घ्या. घोषणा १५ ऑक्टोबर, अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, माघार ४ नोव्हेंबर, मतदान २० नोव्हेंबर. उमेदवारांची खरी संख्या माघारीच्या दिवशी दुपारी तीननंतरच कळते. त्याआधी दिलेलं निमंत्रण तात्पुरतं आहे, असं पत्रात ठळक लिहा. कॅनडात २०२५ ला काय झालं बघा: ग्रीन पक्षाने ३४३ उमेदवारांची यादी दिली होती, प्रत्यक्षात २३२ उभे राहिले आणि डिबेट कमिशनने निमंत्रण मागे घेतलं ते फ्रेंच भाषेतल्या डिबेटच्या दिवशी सकाळी. निर्णय नियमाला धरून होता, वेळ मात्र वाईट.

शेवटची सीमा कायद्याची आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर निवडणूकविषयक मजकूर दाखवता येत नाही. वरच्या वेळापत्रकात ती सीमा १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सहाची. पुनःप्रक्षेपण आणि कात्रणंही त्याआधी थांबवा, रात्रीच्या स्वयंचलित रिपीटवर खास लक्ष ठेवा. म्हणजे हातात उरतात ५ ते १८ नोव्हेंबर. अंतिम यादी ५ ला, आक्षेपांना ४८ तास, निकाल ८ ला, डिबेट ९ ते १४ च्या दरम्यान. अनेक टप्प्यांच्या लोकसभेला एका भागात प्रचार चालू आणि दुसऱ्यात बंद असतो, तिथे तारीख ठरवण्याआधी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांशी बोला. सभागृहात प्रेक्षक बसवणार असाल तर आचारसंहितेतली परवानगीही तिथूनच. दिवाळी आणि क्रिकेटचे सामने कॅलेंडरवर आधी मांडा. मॉन्ट्रियलला आइस हॉकीच्या सामन्यामुळे त्याच फ्रेंच डिबेटची वेळ दोन तास अलीकडे आणावी लागली होती.

नकार आणि रिकामी खुर्ची

आघाडीवर असलेला नेता येत नाही, हे गृहीतच धरा. त्याला गमावण्यासारखं जास्त असतं. अमेरिकेत १९८० ला अध्यक्ष कार्टर यांनी तिसऱ्या उमेदवाराबरोबर, जॉन अँडरसन यांच्याबरोबर, बसायला नकार दिला. आयोजकांनी रेगन आणि अँडरसन यांच्यातच डिबेट घेतली. पुढे अँडरसन जनमत चाचण्यांत १५ टक्क्यांखाली घसरले, वगळले गेले आणि मग कार्टर आले. इथे आयोजकांनी नियम मोडला नाही, म्हणून कोणाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

बदली माणूस चालणार का, हे निमंत्रणातच लिहा आणि सगळ्यांना सारखं लावा. ब्रिटनमध्ये २०१७ ला पंतप्रधान टेरेसा मे यांच्या जागी गृहमंत्री अंबर रड आल्या, त्या चालल्या. २०१९ ला चॅनल फोरच्या हवामानावरच्या डिबेटमध्ये फक्त नेते होते, तिथे बदली म्हणून आलेले मंत्री मायकेल गोव्ह यांना परत पाठवलं आणि पंतप्रधान जॉन्सन यांच्या जागी बर्फाचं शिल्प ठेवलं. पक्षाची तक्रार नियामकाने फेटाळली. तरीही बर्फाची नक्कल आपल्याकडे करू नका. खुर्चीवर कार्टून, हार, बाहुली काही नको. सुरुवातीला आणि शेवटी एकदा, त्याच शब्दांत: ‘अमुक पक्षाला अमुक तारखेला निमंत्रण दिलं होतं, त्यांनी असं कळवलं.’ उत्तर आलं नसेल तर तेही तसंच.

दोघांच्या डिबेटला एकच आला तर ती डिबेट नाही. तिला मुलाखत म्हणा, प्रश्न तेवढेच कडक ठेवा आणि दुसऱ्याला तेवढ्याच मिनिटांची वेळ लेखी देऊ करा. सर्वपक्षीय डिबेटला निम्म्याहून अधिक आले तर कार्यक्रम करायचा, गैरहजर माणसाची मिनिटं उरलेल्यांत सारखी वाटायची.

आक्षेप आले तर

न्यूझीलंडमध्ये २००५ ला टीव्ही थ्री वाहिनीने एका जनमत चाचणीच्या आधारे सहाच नेते घेतले. पीटर डन आणि जिम अँडरटन या संसदेत असलेल्या दोन पक्षनेत्यांना वगळलं. ते हायकोर्टात गेले आणि कोर्टाने दोघांना घ्यायला लावलं. उलट ब्रिटनमध्ये २०१९ ला दोघांच्याच डिबेटविरुद्ध लिबरल डेमोक्रॅट्स आणि एसएनपी कोर्टात गेले आणि डिबेटच्या आदल्या दिवशी हरले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या फोर्ब्स खटल्यात म्हटलं की सार्वजनिक वाहिनीला उमेदवार वगळता येतो, कारण वाजवी हवं आणि ते त्याच्या विचारांवरून नको. देश वेगळे, कायदे वेगळे, पण विचारणा एकच होते: कारण काय होतं आणि ते कधी लिहिलं होतं?

त्यासाठी फाइलमध्ये या गोष्टी हव्यात: नियमाची तारीख टाकलेली प्रत, मागच्या निवडणुकीवर केलेली चाचणी, प्रत्येक पक्षाचे आकडे आणि ते कुठून घेतले, निमंत्रणं आणि पोच, चिठ्ठ्यांचं चित्रीकरण, कोण किती सेकंद बोललं याची नोंद. आक्षेप ऐकायला दोन-तीन जण असे नेमा, ज्यांचा कार्यक्रमाच्या संपादनाशी संबंध नाही; निर्णय एका पानात, कारणासह द्यायचा. निकालानंतर निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवसांची असते. किमान तोवर न कापलेलं फुटेज आणि माइकच्या नोंदी पुसू नका, आणि सर्व्हरवर ३० दिवसांनी आपोआप डिलीट होण्याची सेटिंग असेल तर ती कार्यक्रमाच्या आधीच बंद करून घ्या.